दुधाला तार सुटते ती कशी

गरम चीज ओढलं, लांब तार निघाली, म्हणजे त्यात प्लास्टिक आहे, असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतात. तार हा भेसळीचा पुरावा मुळीच नाही. दक्षिण इटलीत गाईच्या दुधाचं ताजं मोझरेला, ‘फियोर दी लात्ते’, करतात. ते तर तार सुटल्याशिवाय तयारच होत नाही. नेपल्सजवळच्या डोंगरातलं अजेरोला त्यासाठी प्रसिद्ध आहे. आग्नेय इटलीतल्या पुलिया प्रांतातल्या जोया देल कोल्ले गावच्या मोझरेलाला २०२० साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. त्यात लागतं ते दूध, निवळीचं (दूध थिजल्यावर सुटणाऱ्या पाण्याचं) विरजण, रेनेट (दूध थिजवणारं विकर) आणि मीठ.

मग त्याच दुधाच्या पनीरला तार का सुटत नाही?

दुधातलं केसिन हे मुख्य प्रथिन सुटं नसतं. त्याच्या हजारो रेणूंचे गोळे असतात, एकेक गोळा मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा. गोळ्याच्या आत कॅल्शियम फॉस्फेट हे विटांमधल्या सिमेंटचं काम करतं. बाहेरून कप्पा-केसिन या केसिनच्याच एका प्रकाराची लव असते, तिच्यामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेट ही लव कापतं, तीही नेमकी १०५ आणि १०६ क्रमांकाच्या अमिनो आम्लांमधल्या बंधावर. मग गोळे चिकटून दूध थिजतं.

पण सिमेंट जागेवर असेपर्यंत तार येत नाही. ते विरघळवण्याचं काम विरजणातल्या जिवाणूंच्या लॅक्टिक आम्लाचं. ताज्या दुधाचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ६.६ असतो. तो ५.२ च्या आसपास आला की बरंचसं कॅल्शियम निघून गेलेलं असतं आणि उरलेलं केसिनचे धागे सैलसर धरून ठेवतं. सामू ५.८ असताना घाई केली तर थिजलेल्या दुधाचा गठ्ठा गरम पाण्यात ताणला न जाता तुटतो. ५ च्या खाली गेला तर धरून ठेवायला काही उरत नाही, लगदा होतो आणि स्निग्धांश पाण्यात उतरून पाणी दुधाळ होतं.

गंमत म्हणजे जिवाणूंऐवजी थंड दुधातच सायट्रिक आम्ल घातलं तर ५.६ लाच तार सुटते! कारण दूध पातळ असतानाच कॅल्शियम सुटं होतं आणि निवळीबरोबर वाहून जातं. म्हणजे सामूचा आकडा ही निव्वळ खूण आहे. खरा प्रश्न गठ्ठ्यात कॅल्शियम किती उरलं, हा.

प्रत्यक्षात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून ३७ पर्यंत निववतात, विरजण आणि रेनेट घालतात. अर्ध्या तासात ते थिजतं. त्याचे अक्रोडाएवढे तुकडे कापून तीन ते पाच तास निवळीतच आंबू देतात. मधूनमधून मूठभर गठ्ठा गरम पाण्यात घालून ओढून पाहायचा. न तुटता ताणला गेला की वेळ झाली. मग त्याच्या पट्ट्या ८५-९० अंशांच्या पाण्यात घालतात. गठ्ठा आतून साधारण ६० अंशांना पोचला की काठीने उचलून उचलून ताणतात. उष्णतेने केसिनचे बंध तुटतात, पुन्हा जुळतात आणि ओढीच्या दिशेने धागे रांगेत लागतात. त्यांच्यामध्ये पाणी आणि स्निग्धांश अडकतो. पृष्ठभाग चकाकू लागला की थांबायचं, जास्त मळलं तर चीज कोरडं होतं. अंगठा आणि तर्जनीने चिमटून गोळे तोडतात. इटालियनमध्ये तोडणं म्हणजे ‘मोझ्झारे’, नाव त्यावरूनच आलं. दहा लिटर दुधाचं साधारण सव्वा किलो होतं.

पनीरचं दूध आपण उकळतो. ८० अंशांच्या वर निवळीतली प्रथिनं उलगडून केसिनला घट्ट चिकटतात, मग धागे एकमेकांवरून सरकू शकत नाहीत. म्हणून पनीर रश्श्यात वितळत नाही, आणि ते गुणाचंच आहे. टेट्रापॅकच्या अतितप्त दुधाचं मोझरेला घरी फसतं तेही याच कारणाने: रेनेटला पोचायला जागाच नसते, जेलीसारखं लिबलिबीत काहीतरी मिळतं. कॅल्शियम क्लोराइड या क्षाराने पाश्चरीकृत दुधाचा गठ्ठा घट्ट होतो, पण या दुधाचा फारसा सुधारत नाही.

तयार गोळे साध्या पाण्यात ठेवले तर दोन दिवसांत साल बुळबुळीत होते, कारण उरलंसुरलं कॅल्शियमही पाण्यात झिरपतं. म्हणून हलक्या मिठाच्या पाण्यात चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड घालावं, किंवा गोळे ताणताना उरलेल्या पाण्यातच, ते थंड करून, ठेवावेत.