तपासणी अहवालातली तापमानाची ओळ

एखाद्या उपाहारगृहाच्या आरोग्य तपासणीचा निकाल जाहीर झाला की चर्चा होते झुरळांची, तुटक्या फरश्यांची, टोपी न घातलेल्या आचाऱ्याची. त्याच अहवालात ‘शिजवलेला पदार्थ वेळेत थंड केला नाही’ अशीही एखादी ओळ असते. तिच्याकडे कुणी फिरकत नाही. माझ्या मते ती बहुतेक वेळा सगळ्यात गंभीर नोंद असते.

शिजवल्यावर जंतू मरतात, पण सगळे नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कठीण कवचातली सुप्त रूपं, उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. उलट शिजवण्याने त्यांचं फावतं. स्पर्धक मेलेले असतात, नकोसा ऑक्सिजन निघून गेलेला असतो आणि उष्णतेच्या धक्क्यानेच बीजाणू जागे होतात. 45 अंश सेल्सिअसच्या आसपास हा जीवाणू सुमारे 10 मिनिटांत दुप्पट होतो. ग्रॅममागे एक जीवाणू धरला, तर 20 दुपटींत, म्हणजे 3 तास 20 मिनिटांत, संख्या 10 लाखांपुढे जाते. एवढे पोटात गेले की आतड्यात पुन्हा बीजाणू तयार होताना विष सुटतं आणि कळा, जुलाब सुरू होतात. पदार्थाच्या वासावरून मात्र यातलं काही कळेलच असं नाही.

म्हणून अमेरिकेचा फूड कोड, म्हणजे तिथली अन्नसुरक्षेची आदर्श नियमावली, सांगते: शिजवलेला पदार्थ 57 अंशांवरून 21 वर 2 तासांत, आणि एकूण 6 तासांत 5 अंशांवर.

हे मोठ्या पातेल्यात का जमत नाही? घट्ट पदार्थात प्रवाह फिरत नाहीत, उष्णता फक्त वहनाने बाहेर येते. अशा वेळी निवण्याचा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बाजूंनी निवणाऱ्या थराच्या अर्ध्या जाडीचा वर्ग करा आणि औष्णिक विसरणतेने, म्हणजे पदार्थातून उष्णता किती झपाट्याने पसरते त्या मापाने, भागा. पाण्यासाठी ती सेकंदाला सुमारे 0.14 चौरस मिलिमीटर. 20 सेंटिमीटर जाडीला उत्तर येतं जवळजवळ 20 तास, 5 सेंटिमीटरला सव्वा तास. जाडी चौपट, वेळ सोळापट! बाहेरच्या हवेचा अडथळा धरला तर दोन्ही वेळा वाढतात आणि गुणोत्तर कमी होतं, तरी फरक प्रचंडच राहतो. उथळ ट्रेचा आग्रह यासाठीच.

‘परत उकळलं की झालं’ हा समज अर्धाच खरा. परफ्रिंजेन्सच्या वाढलेल्या पेशी उकळून मरतात, पण अशाच कोमट पदार्थात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस या दुसऱ्या जीवाणूचं सेरुलाइड हे विष 121 अंशांवर 90 मिनिटंही टिकतं. स्वयंपाकघरात टांगलेले ‘जंतुनाशक’ अतिनील दिवेही इथे निरुपयोगी आहेत; तो प्रकाश घट्ट पदार्थाच्या पृष्ठभागापलीकडे पोचत नाही. त्यांनी असा पदार्थ सुरक्षित होतो अशी जाहिरात करणं ही ग्राहकांची दिशाभूल आहे.

चांगला निरीक्षक तापमापकाची सळई पातेल्याच्या मध्यभागी खुपसतो, कारण कडेचा पदार्थ आधी निवतो. काही वेळाने तो परत मोजतो, नाहीतर नोंदवही मागतो: एका आकड्यावरून निवण्याचा वेग निघत नाही.