पार्श्वभूमी : ट्रॉम्बेच्या दारापाशी थांबलेले तपासनीस

अणुद्रव्य बॉम्बसाठी वळवलं जाऊ नये म्हणून व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था लावते ते धातूचं सील मोठ्या नाण्याएवढं असतं. तार ओवायची, टोपण दाबून बसवायचं, झालं. खुबी आहे ती आत. आतल्या बाजूचे ओरखडे प्रत्येक सीलचे वेगळे असतात आणि त्यांचा फोटो आधीच काढून ठेवलेला असतो. पुढच्या फेरीत तपासनीस सील काढून मुख्यालयात नेतात आणि ओरखडे त्या फोटोशी ताडून पाहतात. मध्येच कुणी टोपण उघडून नवं बसवलं असेल, तर चोरी तिथे उघडी पडते.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला ही देखरेख जुनीच. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या दोन्ही अमेरिकी अणुभट्ट्या जानेवारी १९७१ च्या भारत-अमेरिका-व्हिएन्ना अशा तिहेरी करारानं तपासणीखाली आल्या. शंभरएक किलोमीटरवरच्या ट्रॉम्बेला, मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, मात्र हे तपासनीस कधी शिरलेच नाहीत. याचं कारण तारखांमध्ये आहे. कॅनडानं दिलेल्या 'सायरस' या ४० मेगावॉटच्या संशोधन भट्टीचा करार झाला एप्रिल १९५६ मध्ये, आणि व्हिएन्नाची संस्था जन्मली जुलै १९५७ मध्ये. तपासायला कुणी नव्हतंच. वापर शांततेसाठी करू, एवढा शब्द पुरला. त्याच १९५६ च्या शेवटी न्यूयॉर्कला संस्थेची घटना ठरत असताना होमी भाभा कडक देखरेखीविरुद्ध भांडत होते: अण्वस्त्रं असलेले देश मोकळे आणि बाकीच्यांच्या मागे कायमचा पहारा, हा त्यांचा आक्षेप. पुढे १९७४ च्या पोखरण स्फोटाला प्लुटोनियम सायरसचंच वापरलं गेलं आणि 'शांततेसाठी' या शब्दाचा अर्थ काय, यावर कॅनडाशी फाटलं.

संशोधन केंद्राची तपासणी वीजकेंद्राहून किचकट असते. वीजकेंद्रात इंधनाचे जुडगे मोजायचे. वापरलेले जुडगे पाण्याच्या टाकीत असले, तर पाण्यातून उमटणारी निळी झाक खास दुर्बिणीतून पाहून ते खरे की नकली हे ठरवता येतं. प्रयोगशाळेत तेच द्रव्य कुठे भुकटी, कुठे द्रावण, कुठे पेटीतला नमुना अशा रूपांत दहा खोल्यांत पांगलेलं. म्हणून तयारी सुरू होते ती वहीखात्यापासून. आवाराचे हिशेबी विभाग पाडायचे, एका विभागातून दुसऱ्यात गेलेला प्रत्येक ग्रॅम नोंदवायचा, ठरावीक काळानं सगळं थांबवून शिल्लक मोजायची, आणि वहीतला आकडा नि तराजूतला आकडा यांत फरक आला तर तो का, हे सांगायचं. नळीच्या आत चिकटून राहिलेलं द्रव्यही हिशेबात धरावं लागतं. ज्याकडे काणाडोळा चालत नाही ते प्रमाण म्हणजे ८ किलो प्लुटोनियम, किंवा उच्च समृद्ध युरेनियममधलं २५ किलो युरेनियम-२३५.

१९९१ नंतर इराकमध्ये कळलं, की जाहीर केलेल्या वह्या तपासून भागत नाही. बगदादजवळच्या तुवैथा केंद्राची नेमानं तपासणी होत होती आणि त्याच आवारात चोरून दुसरं काम चाललं होतं. त्यातून १९९७ मध्ये अतिरिक्त प्रोटोकॉल, म्हणजे तपासनिसांना जास्त माहिती नि जास्त जागा खुल्या करणारा पुरवणी करार, आला. भारतानं त्याच्या स्वतःच्या मापाच्या, बऱ्याच आखूड आवृत्तीवर २००९ मध्ये सही केली.

त्याआधी जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं नागरी अणुसहकार्यावरचं संयुक्त निवेदन झालं होतं आणि देशातल्या अणुकेंद्रांचे नागरी नि लष्करी असे दोन ढीग करणं भाग पडलं होतं. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते अनिल काकोडकर. फास्ट ब्रीडर, म्हणजे जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या, भट्ट्या देखरेखीखाली जाणार नाहीत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि तसंच झालं. या विभागणीच्या मार्च २००६ च्या आराखड्यात २२ वीज भट्ट्यांपैकी १४ तपासणीला खुल्या ठरल्या. मुंबईकरांना गंमत वाटावी अशी एक यादीही त्यात आहे: टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि चक्क परळचं टाटा हॉस्पिटल चालवणारं टाटा मेमोरियल सेंटर, ही नागरी खरी, पण देखरेखीचा संबंधच नसलेली.

ट्रॉम्बेचं काय करायचं, हा खरा पेच. माझ्या मते भारतानं तिथे काढलेली तोड जगावेगळी होती: तपासणीची तयारी म्हणजे तपासण्याजोगी वस्तूच आवारातून हलवायची. नुकतीच मोठी दुरुस्ती झालेली सायरस ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली. आशियातली पहिली भट्टी 'अप्सरा', ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झालेली. तिचा फ्रान्सकडून घेतलेला इंधनगाभा भाभा केंद्राबाहेर नेऊन देखरेखीला द्यायचं आराखड्यात ठरलं. भट्टी २००९ मध्येच थांबली होती. उरली 'ध्रुव': १०० मेगावॉटची, देशी बनावटीची, म्हणून कुणाला हिशेब देणं लागत नाही अशी.

१० सप्टेंबर २०१८ ला ट्रॉम्बेलाच 'अप्सरा-यू' सुरू झाली. तिचं इंधन इथेच बनलेलं आहे.