धुळीचा एक कण आणि सात तास

कोथरूडला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. स्पीड टेस्टचा काटा ५०० वर टेकलेला. "हे बघ, पाचशे एमबीपीएस. आणि डेन्व्हरला मुलीकडे रेकॉर्डिंग पाठवायला घेतली, तर अडीच दिवस लागतील म्हणतंय!" वडिलांच्या गाण्याच्या जुन्या कॅसेट काकांनी वर्षभर बसून संगणकावर उतरवल्या आहेत. सगळं मिळून ६० जीबी. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि जीबीतला एक बाइट आठ बिटांचा; तरी ५०० एमबीपीएसने ते सोळा-सतरा मिनिटांत जायला हवं. कंपनी फसवतेय, असं काकांचं ठाम मत होतं.

कंपनीचा यात काही दोष नव्हता. स्पीड टेस्ट जवळच्या, बहुतेक वेळा पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या सर्व्हरशी बोलते आणि तिथपर्यंतचा वेग दाखवते. डेन्व्हरची गोष्ट वेगळी. ती सांगायला मला डेन्व्हरचंच उदाहरण मिळालं, याचा आनंद आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच डेन्व्हरमध्ये सुपरकॉम्प्युटिंगची, म्हणजे महासंगणकांची, वार्षिक परिषद भरली होती. जगातल्या पाचशे सर्वांत ताकदवान संगणकांची नोव्हेंबरची यादी याच परिषदेत जाहीर होते. आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' २०२० साली त्या यादीत ६३वा होता. परिषदेसाठी दरवर्षी 'एससीनेट' नावाचं नेटवर्क उभं राहतं. डेन्व्हरला त्याची बाहेरच्या जगाशी जोडणी ६.७१ टेराबिट प्रति सेकंद होती, म्हणजे काकांच्या कनेक्शनच्या तेरा हजार पटींहून जास्त. हे सगळं एका आठवड्यासाठी! विद्यापीठं, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि कंपन्यांमधले शंभराहून अधिक स्वयंसेवक वर्षभर आधीपासून आखणी करतात. राउटर, स्विच, फायबर कंपन्यांकडून तात्पुरते मागून आणतात, रिकाम्या हॉलमध्ये मांडतात, आठवडाभर चालवतात आणि मग सगळं उतरवून खोक्यांत भरतात. पुढच्या वर्षी दुसरं शहर. पहिलं एससीनेट १९९१ साली अल्बुकर्कीला उभं राहिलं. त्याच वर्षी इकडे पुण्यात 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला होता.

पैसे न घेता माणसं एवढं का राबतात? कारण जे रोजच्या नोकरीत करून बघता येत नाही, ते इथे करता येतं. चालू नेटवर्कवर प्रयोग करायला कोण देणार? अमेरिकेतलं कॅलटेक विद्यापीठ आणि त्यांच्या सहकारी संस्थांचे कणभौतिकीवाले अनेक वर्षं या परिषदेत दूर अंतरावर डेटा पाठवण्याचे प्रयोग करून दाखवत आले आहेत. आणि ते करताना त्यांची गाठ पडते ती नेमकी काकांच्या अडचणीशी.

ती अडचण म्हणजे अंतर.

काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेनांचे सिग्नल फायबरमधूनच मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे हा उशीर हिशेबात धरूनच ते जुळवावे लागतात. पुण्याहून डेन्व्हर सरळ रेषेत तेरा हजार किलोमीटरच्या आसपास. केबल समुद्रातून वळसे घेत जाते, त्यामुळे एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, जाऊन त्याची पोच परत यायला साधारण पाव सेकंद लागतो. हा पाव सेकंद कुठल्याही महागड्या प्लॅनने कमी होत नाही.

इंटरनेटवर फाइल पाठवायचं काम बहुतेक वेळा टीसीपी नावाची नियमांची पद्धत करते. पाठवणारा पॅकेटं सोडतो, घेणारा पोच देतो. पोच येण्याआधी किती माल वाटेत असू द्यायचा, त्या मर्यादेला 'खिडकी' म्हणतात. मूळ टीसीपीत ही खिडकी ६४ केबीपेक्षा मोठी करताच येत नव्हती. मोठी करायची सोय १९९२ मध्ये आली. आजही काही प्रोग्रॅम स्वतःच तेवढीच छोटी खिडकी वापरतात. आता गणित करा. ६४ केबी सोडले, पाव सेकंद पोचेची वाट बघितली, पुन्हा ६४ केबी. सेकंदाला अशा चार फेऱ्या, म्हणजे वेग जेमतेम २ एमबीपीएस. ६० जीबीला अडीच दिवस! काकांच्या स्क्रीनवर तोच आकडा होता. ५०० एमबीपीएसची वाट पूर्ण भरायची तर कुठल्याही क्षणी सुमारे १५ एमबी वाटेत हवेत.

मग खिडकी मोठी केली की झालं? इथेच मला या विषयाचं वेड लागलं.

ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. अंतर किती? सुमारे चारशे यार्ड. गर्दीमुळे पॅकेटं हरवत होती, हरवली म्हणून सगळे तीच पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी आणखी वाढत होती. त्याच प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला: पॅकेट हरवलं की पुढे गर्दी आहे असं समजा, खिडकी अर्धी करा, मग दर फेरीला एकेका पॅकेटने वाढवा. या शिस्तीने इंटरनेट वाचलं.

पण लांबच्या आणि वेगवान वाटेवर ही शिस्त फार महाग पडते. १० गिगाबिटची वाट, पाव सेकंदाची फेरी. वाट भरायला दोन लाखांहून जास्त पॅकेटं उडती हवीत. त्यातलं एक हरवलं. खिडकी अर्धी झाली, एक लाख पॅकेटं कमी. आता दर पाव सेकंदाला एक याप्रमाणे ती परत मिळवायची. सव्वीस हजार सेकंद, म्हणजे सात तासांहून जास्त. एका पॅकेटपायी सात तास! पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा मी तो तीनदा तपासला होता.

नेटवर्कचे संशोधक मॅट मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे एका सूत्रात बसवलं. वेगाची मर्यादा साधारण पॅकेटच्या आकाराइतक्या प्रमाणात वाढते, आणि फेरीचा वेळ व गळतीच्या प्रमाणाचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने कमी होते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या 'ईएसनेट' नेटवर्कवर एकदा राउटरचं एक कार्ड बावीस हजारांत एक पॅकेट गाळत होतं. तेवढीच गळती सूत्रात घालून बघा. फेरी एक मिलिसेकंदाची असेल, म्हणजे गावातल्या गावात, तर १.७ गिगाबिट मिळतात. कुणाला कळणारही नाही. फेरी पाव सेकंदाची केली की उरतात ७ मेगाबिट. गळती तीच, तार तीच. पिंग मारून, म्हणजे छोटं चाचणीचं पॅकेट पाठवून, हे सापडत नाही, कारण शंभर पिंगांत एखादं हरवण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी. २००६ पासून लिनक्समध्ये रुजलेलं 'क्युबिक' आणि २०१६ मध्ये गूगलने आणलेलं 'बीबीआर' या खिडकी सांभाळायच्या नव्या रीती हे दुखणं पुष्कळ हलकं करतात. तरी गळती थांबवणं हाच खरा इलाज.

गळती येते कुठून? बऱ्याचदा धुळीतून. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या तंत्रज्ञान परिषदेत मी नेटवर्कच्या मुलांबरोबर होतो. रात्रीचे अकरा, उद्या सकाळी उद्घाटन. शेजारच्या स्टॉलवर सुतार प्लायवूड कापत होता, भुसा उडत होता. हॉलपासून सर्व्हर रूमपर्यंत १० गिगाबिटचा फायबर टाकलेला. कॅम्पसमध्ये सगळं सुरळीत, पण अमेरिकेतल्या सर्व्हरवरून फाइल उतरवायला घेतली की आठ-नऊ मेगाबिट. मुलांनी राउटर बदलला, सेटिंग बदलली, सेवा देणाऱ्या कंपनीला दोन फोन झाले. शेवटी दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, हा पोर्टवरचा सीआरसीचा आकडा हळूहळू वाढतोय." मघापासून आम्ही सगळे त्याच पडद्याकडे बघत होतो. सीआरसीचा आकडा म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांची मोजणी. तो वाढताना तिला दिसला.

हेच तर सूत्र सांगतं! बिट बिघडले, पॅकेटची बेरीज जुळली नाही, ते टाकून दिलं गेलं. आम्ही पलीकडचा लेझर बंद करून फायबर काढला, कारण त्यातला अवरक्त प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. टोक तपासणीच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो तो जेमतेम ९ मायक्रोमीटरचा, केसाच्या जाडीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. पडद्यावर करड्या गोल चकतीच्या बरोबर मध्यावर एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती बोटाच्या तेलकट डागाची कड. कुणीतरी टोपण काढून टोकाला हात लावला होता आणि त्यावर भुसा बसला होता.

इथे एक मनापासून सांगतो. मोबाइलला चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' चिप, नेट वेगवान करणारी ॲप, वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला ठेवलेला राउटर, यांवर लोक खरे पैसे घालवतात. यातल्या एकाही गोष्टीने त्या आकड्याचं वाढणं थांबत नाही. टोक पुसलं की थांबतं, आणि ते पडद्यावर डोळ्यांनी बघता येतं. दसऱ्याला सर्व्हरला फूल वाहायला माझी हरकत नाही. फक्त फायबरचं टोपण लावलेलं असू द्या.

सफाईचं पेनासारखं साधन असतं. ते टोकावर बसवून दाबलं की आत कोरड्या धाग्याची पट्टी फिरते आणि 'कट्' असा आवाज होतो. तिने दोनदा दाबलं. पुन्हा सूक्ष्मदर्शक. चकती स्वच्छ. फायबर जोडला आणि आकड्याकडे बघत आम्ही पाच मिनिटं तसेच उभे राहिलो. तो हलला नाही. मग उरलेली अठरा टोकं तिने एकेक करून तपासली; त्यातली पाच मळलेली निघाली.

काकांना मी दुसऱ्या दिवशी एकाच वेळी आठ प्रवाहांत फाइल पाठवणारा प्रोग्रॅम लावून दिला. प्रत्येक प्रवाहाची खिडकी वेगळी, त्यामुळे वेग जवळपास आठपट. संध्याकाळी साडेसातला डेन्व्हरहून मुलीचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती आणि मागे आजोबांचा भटियार, सकाळचा राग, चालू होता.