ब्लोअरचा पट्टा किती ताणायचा?

पट्टा किंचाळायला लागला की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: पाना आणा, मोटार मागे ओढा, पट्टा टाइट करा. आवाज थांबतो आणि काम झालं असं वाटतं. पण नुकसान बऱ्याचदा त्यानंतरच सुरू होतं.

घरच्या कूलरचा पंखा सहसा थेट मोटारीच्या दांड्यावर असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत मात्र मोठे ब्लोअर लागतात. सुती धागा कोरड्या हवेत लवकर तुटतो, म्हणून उन्हाळ्यात मागाच्या शेडमध्ये ओलसर, थंड हवा सोडावी लागते. रंगवलेले टॉवेल वाळवायला उलट गरम हवा. मोटार मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, एवढा वेग मोठ्या ब्लोअरला झेपत नाही. म्हणून मोटारीवर ५ इंची पुली, ब्लोअरवर १० इंची, आणि मध्ये पट्टा. वेग निम्मा होतो.

जुन्या गिरण्यांत सपाट पट्टे असत. आजचा ‘व्ही’ आकाराचा रबरी पट्टा १९१७ साली अमेरिकेत जॉन गेट्स यांनी आणला. त्याची खुबी आकारात आहे. पट्टा पुलीच्या कडेवर कोरलेल्या खाचेच्या तळाला टेकत नाही. लाकडात पाचर बसावी तसा तो दोन्ही तिरक्या भिंतींत रुततो. खाचेचा कोन ३८ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे ताण तेवढाच असला तरी भिंतींवरचा दाब सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होतो, आणि पकडही तेवढीच वाढते. म्हणूनच खाचेचा तळ घासून चकाकत असेल, तर पट्टा किंवा पुली झिजली आहे असं समजावं. तिथे कितीही ताणलं तरी पाचर बसणार नाही.

पट्टा ढिला असला की घसरतो, घर्षणाने तापतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि पकड आणखी सुटते. ब्लोअरचा वेग ५ टक्के घटला तर हवाही ५ टक्के घटते, दाब मात्र जवळपास १० टक्के. जास्त ताणलेला पट्टा आवाज करत नाही. तो गुपचूप बेअरिंगवर भार टाकत राहतो. माझ्या मते दोघांत ओरडणारा पट्टा परवडला. तो निदान तक्रार तरी करतो.

ताण मोजणं अवघड नाही. आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावा, कारण आपोआप चालू होणारी यंत्रणा हाताची वाट पाहत नाही. दोन पुल्यांमधला मोकळा पट्टा मध्यावर दाबायचा. दर मीटर अंतरामागे सुमारे १६ मिलिमीटर दबला पाहिजे. म्हणजे अंतर ६० सेंटिमीटर असेल तर साधारण ९ ते १० मिलिमीटर. तेवढं दाबायला किती जोर लागावा, हे पट्टा बनवणाऱ्यांच्या तक्त्यात दिलेलं असतं आणि स्प्रिंगच्या काट्याने ते तपासता येतं. अंगठ्याचा अंदाज प्रत्येक फिटरचा वेगळा.

मोटार सरकवताना दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे फिरवावेत, नाहीतर ती तिरकी होते आणि पट्टा एका कडेने झिजतो. पुल्यांची जाडी सारखी असेल तर सरळ रेषा तपासायला ताणलेली दोरी पुरते, आणि सोलापुरात दोरा शोधावा लागत नाही! दोरी दोन्ही पुल्यांच्या कडांना मिळून चार ठिकाणी टेकली पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हर अडकवून पट्टा पुलीवर चढवायची सवय मात्र वाईट. आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पट्ट्याला राळ लावणंही तसंच. दोन तास आवाज बंद, मग तिच्यावर कापसाचे तंतू चिकटून थर बसतो.

नवा पट्टा पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसून सैल होतो, तेव्हा पुन्हा ताण बघावा लागतो. एका पुलीवर तीन पट्टे असतील तर तिन्ही एकदम बदलावेत. एकच बदलला तर तो आखूड असल्याने सगळा भार त्याच्यावर येतो आणि जुने दोघे नुसते फिरत राहतात.

हवा कमी पडते म्हणून मोटारीवर मोठी पुली बसवण्याचा मोह होतो. ब्लोअरचा वेग १० टक्के वाढवला तर लागणारी शक्ती १० नव्हे, ३३ टक्क्यांनी वाढते. ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढते. म्हणून पुली बदलल्यावर मोटार किती अँपिअर ओढते ते मोजून मोटारीच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघावं.