रात्रीतून चार्ज जातो कुठे?

सकाळी किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, पण सेल्फ मारला की ते मंदावतात आणि पुढून नुसता टक्-टक् आवाज येतो. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडून वेळ भागते, दिवसभर गाडी छान चालते, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक जण सरळ नवी बॅटरी घेतात. मीही घेतली. पाचव्या दिवशी सकाळी तीही उतरलेली होती.

विहिरीला सकाळी पाणी नसेल तर कारणं तीन असू शकतात. झरा आटलाय, रात्री कुणीतरी उपसा करतंय, किंवा गाळ साचून विहीरच उथळ झालीय. बॅटरीचं अगदी असंच आहे. इंजिनासोबत फिरून वीज बनवणारा अल्टरनेटर हा झरा. बंद गाडीतही वीज खाणारी उपकरणं हा उपसा. आणि गाळ म्हणजे प्लेटांवर बसलेलं सल्फेट. तिन्हींचं लक्षण एकच, उपाय मात्र वेगवेगळे. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मोजमाप करायचं.

आधी गाळाबद्दल, कारण खरी गंमत तिथल्या रसायनात आहे. शिसं आणि आम्लावर चालणारी पुन्हा भरता येणारी बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली, आणि आपल्या गाड्यांमध्ये अजून तीच पद्धत आहे. एक प्लेट सच्छिद्र शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं आणि आम्लाचं पाणी होत जातं. चार्ज करताना हे सगळं उलट फिरतं. अशा एका कप्प्यातून, म्हणजे सेलमधून, साधारण २.१ व्होल्ट मिळतात. सहा सेल एकापुढे एक जोडले की १२.६.

या २.१ व्होल्टमागची एक गोष्ट मला फार आवडते. शिशाच्या जड अणुकेंद्राजवळचे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, त्यामुळे तिथे आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचे परिणाम दिसू लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार या व्होल्टेजपैकी १.७ ते १.८ व्होल्ट त्या परिणामांतून येतात. आवर्तसारणीत शिशाच्या बरोबर वर बसणाऱ्या कथिलाची अशी बॅटरी होत नाही. रोज सेल्फ मारताना आपण सापेक्षता सिद्धांत वापरत असतो, हे मला कळलं तेव्हापासून बॉनेट उघडताना वेगळाच आदर वाटतो.

असो. सल्फेट ताजं असतं तेव्हा त्याचे स्फटिक बारीक असतात आणि चार्जिंग सुरू झालं की विरघळतात. पण बॅटरी उतरलेल्या किंवा अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर बारीक स्फटिकांचे मोठे, कडक स्फटिक होतात आणि ते सहजासहजी विरघळत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कामातून जातो. अशी बॅटरी चार्जरला लावली की लवकर 'फुल' दाखवते, कारण गाळाने भरलेल्या विहिरीतही पाणी काठापर्यंत दिसतंच. उपसायला लागलं की कळतं.

रोज दहा मिनिटंच चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या याच कारणाने लवकर जातात. सेल्फ फार चार्ज खातो म्हणून हे होतं असं अनेकांना वाटतं, पण हिशोब करून पाहा. १५० अँपिअर तीन सेकंद घेतले तर ते जेमतेम ०.१२५ अँपिअर-तास होतात (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). खरी अडचण भरण्याच्या वेगाची आहे. बॅटरी जसजशी भरत येते तसतशी ती करंट कमी कमी घेते आणि शेवटच्या टप्प्याला कित्येक तास लागतात. छोट्या फेऱ्यांत तो टप्पा कधी येतच नाही.

आता मोजणी. व्होल्टेज आणि करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघायचं. गाडी बंद केल्या केल्या बघितलं तर आकडा फुगलेला येतो. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली गेली तर उतरलेलीच समजा. आणि कितीही चार्ज केली तरी आकडा १०.५ जवळच अडकत असेल तर एक सेल शॉर्ट झालाय, तिथे वाद संपला, बॅटरी बदला. झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर पातळी बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आम्ल नाही, कारण चार्जिंगमध्ये पाणीच कमी होतं, आम्ल आतच राहतं. त्या वेळी जवळ ठिणगी नको, चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो आणि तो भडकतो.

बॅटरी भरलेली असूनही सेल्फ घेत नसेल तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड बघा. एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध दिव्यांना जाणवत नाही, पण सेल्फच्या १५० अँपिअरला तो दीड व्होल्ट गिळतो. साफ करून घट्ट बसवणं एवढंच काम असतं.

झऱ्याची तपासणी त्याहून सोपी. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि पुन्हा त्याच दोन टोकांवर मल्टिमीटर. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा साडेबाराच्या खाली जाऊन घसरतच राहिला तर अल्टरनेटर भरत नाहीये. आधी बेल्ट सैल आहे का ते बघा. आकडा सतत १५ च्या वर असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीतलं पाणी आटतंय.

माझ्या गाडीत हे सगळं ठीक निघालं. म्हणजे राहिला उपसा.

हे काम संयमाचं आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर जोडायचा. म्हणजे गाडी खाते तो सगळा करंट त्यातूनच जातो. या अवस्थेत चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. रिमोटची चावी लांब ठेवायची, आणि दार उघडं ठेवावं लागणार असेल तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटतं. मग थांबायचं. हल्लीच्या गाड्यांतले कंट्रोल युनिट झोपायला अर्धा तास, कधी जास्तही घेतात. घड्याळ आणि अलार्मसाठी ०.०५ अँपिअरपर्यंतचा करंट ठीक मानतात.

पाऊण तासाने माझ्या मीटरवर आकडा होता ०.४५.

एकेक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघाला आणि आकडा ०.०३ वर आला. छताचा दिवा तर बंद दिसत होता. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू केलं, तो डिकीत ठेवला आणि डिकी लावली. दोन मिनिटांनी बाहेर काढून बघितलं, तर बंद डिकीत स्टेपनी लख्ख उजेडात दिसत होती. डिकीचा स्विच अडकला होता. पाच वॅटचा दिवा म्हणजे सुमारे ०.४२ अँपिअर, दिवसाला दहा अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-साडेचार दिवसांत संपणारच. नवी बॅटरी पाचव्या दिवशी का उतरली, ते या एका गुणाकारात होतं.

स्विच बदलला आणि नव्या बॅटरीचा त्रास थांबला. मग काढून ठेवलेली जुनी बॅटरी आठवली. ती चांगली असेल या आशेने मोकळ्या हवेत रात्रभर चार्जरला लावली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडून वेळ मोजला. धडधाकट बॅटरीने तो आठेक तास पेटवला असता. ही तीन तासही टिकली नाही. त्या डिकीच्या दिव्याने महिनाभर तिला पुन्हा पुन्हा तळापर्यंत उपसलं होतं, आणि तेवढ्या काळात गाळ कायमचा बसला होता.