ढास ऐकू येण्याआधी

कुत्रा मान पुढे ताणतो, कोरडी ढास लागते आणि शेवटी ओकारी काढल्यासारखं करून तो थोडा पांढरा फेस टाकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलं. बेवारस कुत्र्यांच्या निवारा केंद्रात काम करणारा मात्र आधी शेजारच्या पिंजऱ्यांकडे बघतो.

या खोकल्याला सरसकट ‘केनेल कफ’ म्हणतात. या एका नावामागे पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस २, कुत्र्यांचा फ्लू, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा रोग) असे बरेच विषाणू दडलेले असतात. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला केसांसारखे बारीक तंतू असतात. ते सतत हलत राहून घाण आणि चिकट स्राव वर ढकलतात. विषाणूंनी हे अस्तर खरवडलं की बोर्डेटेलासारख्या जिवाणूंना रान मोकळं मिळतं. साध्या खोकल्याचा न्यूमोनिया होतो तो बहुधा असा.

२००३ साली ब्रिटनमधल्या एका निवारा केंद्रात कुत्र्यांच्या श्वसनमार्गात एक नवा कोरोनाव्हायरस सापडला. गंमत म्हणजे त्याचं जवळचं नातं कुत्र्यांच्या आतड्यातल्या कोरोनाव्हायरसशी नसून गुरांमधल्या कोरोनाव्हायरसशी निघालं. आत येताना साधारण ३० टक्के कुत्र्यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं (आधी लागण होऊन गेल्याची खूण) होती. तीन आठवड्यांनी जवळजवळ सगळ्यांच्या. म्हणजे आसरा म्हणून जिथे आणलं त्या जागेतच बहुतेकांना लागण झाली होती.

याचं कारण नुसती अस्वच्छता नव्हे. नवी जागा, अखंड भुंकणं, अपुरी झोप यांच्या ताणाने प्रतिकारशक्ती खालावते, आणि प्रत्येक भुंकण्याबरोबर तुषार उडतात. फ्लूमध्ये तर लक्षणं दिसण्याआधीच विषाणू बाहेर पडू लागतो. एच३एन२ या प्रकारचा फ्लू झालेला कुत्रा, वरवर बरा दिसला तरी, तीन आठवड्यांहून अधिक काळ विषाणू सोडू शकतो. म्हणून नुसते खोकणारे वेगळे काढून भागत नाही. त्यांच्या सहवासात आलेले, ठणठणीत दिसणारेही वेगळे ठेवावे लागतात.

डिस्टेंपरची लस ‘जरा रुळू दे, मग देऊ’ म्हणून लांबवणं मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. ती दारातच, आत घेतानाच टोचायला हवी. केनेल कफसाठीची, नाकात थेंब टाकून द्यायची लसही तेव्हाच देतात. तिची एक गंमत: त्यानंतर काही दिवसांत पीसीआर चाचणी केली, तर लशीतलाच विषाणू सापडून घबराट उडू शकते.

साफसफाईचा क्रमही ठरलेला: आधी पिल्लं, मग धडधाकट मोठे, खोकणारे सगळ्यात शेवटी. आणि त्यांच्याकडचा झाडू, भांडी, अ‍ॅप्रन तिथेच राहतात.