क, च, ट, त, प... आणि डोळे वर

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला: ‘मेंदूत चिप बसवा, मुके बोलू लागतील!’ चिपचं काम खोटं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या दोन गटांचे प्रयोग छापून आले. मेंदूतल्या विद्युतसंकेतांवरून एकाने मिनिटाला ६२ शब्द उमटवले, दुसऱ्याने ७८. पण प्रत्येक प्रयोगात व्यक्ती एकच होती, कवटी उघडून केलेलं ऑपरेशन होतं आणि संगणकाला जोडलेल्या तारा होत्या. व्हिडिओत यातलं काहीच नव्हतं.

त्याच गल्लीत चार घरं सोडून एक काका राहतात. दोन वर्षांपासून त्यांना बोलता येत नाही. त्यांच्या कामी आला तो साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि काळा मार्कर. मला त्या पुठ्ठ्याबद्दल सांगायचं आहे.

या शास्त्राला पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी एएसी. थोडंफार बोलता येत असेल तर त्याला जोड द्यायची, म्हणून पूरक. अजिबात येत नसेल तर दुसरी वाट काढायची, म्हणून पर्यायी. हातवारे, नजर, चित्रं, अक्षरफलक, बोलणारा टॅब्लेट, सगळं यात येतं. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझम असलेली मुलं, लकव्याचे रुग्ण आणि आपल्या नागपुरात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी जीभ-जबडा गमावलेले लोक, सगळ्यांना याची गरज पडते.

एक फरक मात्र आधी समजून घ्यायला हवा. वाचा वेगळी, भाषा वेगळी. लकव्यात पुष्कळदा मेंदूचा भाषेचाच भाग दुखावतो. त्याला वाचाघात म्हणतात आणि अशा माणसापुढे अक्षरं धरून फारसा उपयोग होत नाही. तिथे चित्रं, घरच्यांचे फोटो, कॅलेंडर कामी येतात. काकांना आहे मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी त्यात मरत जातात. हात गेले, मग जीभ आणि ओठ. भाषा मात्र जागच्या जागी आहे. तरी एका रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांच्या देखत काकूंना विचारलं, ‘यांना समजतं का?’ काकांनी डोळे मिटून घेतले.

डोळे हलवणारे स्नायू या आजारात सहसा बराच काळ टिकतात. म्हणून पहिला करार हो-नाहीचा. वर पाहिलं की हो, डोळे घट्ट मिटले की नाही. नुसती उघडझाप चालत नाही, ती मिनिटाला पंधरा-वीस वेळा आपोआप होतच असते.

आता अक्षरं. काकूंनी क, ख, ग, घ म्हणत जायचं आणि हवं ते अक्षर आलं की काकांनी वर पाहायचं, ही कुणालाही सुचणारी पद्धत. ळ धरून व्यंजनं ३४. सगळी सारखीच लागतात असं धरलं तर दर अक्षरासाठी सरासरी साडेसतरा अक्षरं म्हणावी लागतात. दुसऱ्या शब्दापर्यंत दोघंही थकतात.

तीच अक्षरं ओळींत मांडा. क, च, ट, त, प या पाच वर्गांच्या पाच ओळी, सहावी य र ल व श, सातवी ष स ह ळ. आधी फक्त ओळींची पहिली अक्षरं म्हणायची. काकांनी वर पाहिलं की त्या ओळीत शिरून तिची अक्षरं पहिल्यापासून म्हणायची. ‘म’ पाचव्या ओळीत पाचवा, म्हणजे दहा पावलं. सरळ मोजत गेलो तर पंचवीस. सरासरी साडेसतरावरून सातावर येते. याचं नाव ओळ-स्तंभ स्कॅनिंग.

मला यातलं गणित फार आवडतं, म्हणून जरा खोलात जातो. फलकावरच्या घराची किंमत म्हणजे तिथे पोचायला लागणारी पावलं: ओळीचा क्रमांक अधिक स्तंभाचा क्रमांक. दोन पावलांचं घर एकच, वरचं डावं. तीन पावलांची घरं दोन, चार पावलांची तीन. स्वस्त घरं मोजकी, तेव्हा तिथे त, र, च, ल, न ही मराठीत पदोपदी लागणारी अक्षरं बसवावीत आणि ङ, ञ शेवटी टाकावीत, कारण अनुस्वार असताना ती सुटी कोण लिहितो? टिंब-रेघांनी संदेश पाठवणाऱ्या मोर्सच्या तारेत हाच विचार आहे. इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ‘ई’ला तिथे एकच टिंब.

मी तसा पुठ्ठा करूनही दिला. काकूंनी दोन दिवसांत परत केला. रात्री लाइट गेली की तो वाचता येत नव्हता. वर्णमाला मात्र पहिलीपासून पाठ, न वाचताही म्हणता येते. त्यांचंच बरोबर होतं. फलकाची किंमत पावलांइतकीच तो धरणाऱ्याच्या डोक्यावर पडणाऱ्या भारातही मोजावी लागते. आणि ही वर्णमाला मुळात जीभ आणि ओठ कुठे टेकतात त्या क्रमाने लावलेली आहे: कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. जीभ थांबलेल्या माणसाला आज तीच पुरते.

राहिल्या मात्रा. प्रत्येक अक्षरानंतर काना, वेलांटी, उकार विचारत बसलं तर पावलं पुन्हा वाढतात. म्हणून काकू मात्रा गाळतात आणि अंदाज करतात. मे महिन्यात एका रात्री काकांनी ‘क, ल’ असं दिलं.

‘काल? काल काय झालं?’ डोळे मिटले. मग ‘र’.

‘कूलर! अहो, गरम होऊन राहिलं का? वाढवू?’ पुन्हा डोळे मिटले. मग ‘ब, द’.

कूलर बंद. तीन आठवडे रात्रभर पाण्याचे तुषार त्यांच्या तोंडावर उडत होते. पाच अक्षरं, ३४ पावलं. सरळ मोजणीने ९७ झाली असती.

१९८५ मध्ये श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर वाचा गेलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग संगणकावर अशाच सरकत्या खुणेने शब्द निवडत. आधी बोटाने कळ दाबून, पुढे गालाच्या स्नायूने. तो प्रोग्राम वॉल्टर वोल्टोझ यांनी आपल्या सासूबाईंसाठी लिहिला होता, त्यांनाही हॉकिंगसारखाच मोटर न्यूरॉन डिसीज होता.

अंदाज करा, पण होकार ज्याचं म्हणणं आहे त्याचाच घ्या. ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाच्या पद्धतीत मदतनीस मुलाचा हात धरून टाइप करवतो. १९९०च्या दशकात दोघांना वेगवेगळी चित्रं दाखवून पाहिलं, तेव्हा उत्तरं मदतनिसाने पाहिलेल्या चित्राची आली. आजही आईबापांना हे चमत्कार म्हणून विकलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

तसाच राग वेखंडाचा. मूल बोलत नाही म्हणून मधात वेखंड उगाळून जिभेला चोळत राहायचं आणि शिकण्याची मोलाची वर्षं घालवायची! कानांची तपासणी करा, स्पीच थेरपिस्टकडे जा. ‘चित्रं दिली तर पोरगं आळशी होईल, बोलणारच नाही’ ही भीतीही निराधार आहे. २००६ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या भक्कम पुरावा असलेल्या २७ मुला-माणसांपैकी एकाचंही बोलणं एएसीमुळे कमी झालं नाही, ८९ टक्क्यांचं वाढलं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे मोफत अ‍ॅप चित्राला बोट लावलं की मराठीतही बोलतं. मात्र त्यावर आधी घरच्यांनी बोलून दाखवायला हवं, मूल पाहून शिकतं. आणि नुसतं ‘पाणी’, ‘भूक’ देऊ नका. ‘नको’, ‘अजून’, ‘मला नाही आवडत’ हेही द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी मार्ग स्पष्ट लिहिलेले आहेत.

परवा काकांचे धाकटे भाऊ आले होते. लहानपणी आपण अंबाझरी तलाव या काठापासून त्या काठापर्यंत कसा पोहून गेलो, ते रंगवून सांगत होते. काका डोळे वर-वर करू लागले. काकूंनी सुरुवात केली. पहिल्या ओळीत ‘ख’, तिसऱ्या ओळीत ‘ट’.

‘खाट? खाट सरकवू?’ डोळे मिटले.

‘खोटं?’

डोळे वर गेले आणि बराच वेळ वरच राहिले.